दोन वर्ल्ड कप, दोनच गोल: जमैकाच्या पोरींचं प्रकरण

२०१९ च्या महिला फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये जमैकाच्या पोरींनी ३ मॅचमध्ये १ गोल केला आणि १२ खाल्ले. चार वर्षांनी, २०२३ ला, ४ मॅच खेळल्या, गोल परत १च केला, पण खाल्लाही १च. पहिल्या वेळी तिन्ही मॅच हरून घरी, दुसऱ्या वेळी ब्राझीलला बाहेर काढून शेवटच्या १६ मध्ये. १२ वरून १ हा जो फरक आहे ना, त्याच्यात काय काय शिरलं होतं आणि पैसे कोणी भरले, हे सगळं नीट मांडायचं म्हणून हे लिहितेय.

मी कोल्हापुरात शाळेतल्या मुलींना फुटबॉल शिकवते. कोल्हापूरला फुटबॉल नवा नाही, पेठा-तालमींच्या मॅच असल्या की शाहू स्टेडियम कसं भरतं ते इथल्या माणसाला सांगायला नको, पण मुलींच्या टीमचं म्हटलं की किट कोण देणार, गाडीभाडं कोण देणार, बरोबर बाईमाणूस कोण जाणार, इथूनच सुरुवात असते. आणि दरवेळी कोणीतरी मला जमैकाचं उदाहरण देतं, की बघा मॅडम, त्या पोरींकडे काही नव्हतं तरी कुठं पोचल्या. मला हे ऐकून बरं वाटायचं आधी. मग मी हे प्रकरण पहिल्यापासून वाचायला घेतलं आणि माझं मत बदललं. काही नव्हतं असं नव्हतंच, बरंच काही होतं, फक्त ते जिथून यायला पाहिजे होतं तिथून येत नव्हतं.

आधी देश समजून घ्या. जमैकाची लोकसंख्या साधारण २८ लाख, म्हणजे जवळपास आपल्या नागपूर शहराएवढी. आपल्याला तो देश माहितीये तो क्रिकेटमुळे, किंग्स्टनचं सबायना पार्क, १९७१ ला आपल्या दिलीप सरदेसाईंनी तिथे २१२ केले होते, आणि १९७६ ला त्याच मैदानात होल्डिंग वगैरेंनी आपल्या बॅट्समनना फोडून काढलं होतं. नंतर उसेन बोल्ट आला. फुटबॉलमध्ये त्यांचे पुरुष १९९८ ला फ्रान्सच्या वर्ल्ड कपला गेले आणि रेगे बॉईज हे नाव गाजलं, रेगे म्हणजे तिकडचं संगीत, बॉब मार्लीचं. मुलींची टीम त्याच नावावरून रेगे गर्ल्झ. नाव मिळालं पण नावामागे जे यायला पाहिजे ते आलं नाही.

झालं असं की २०१० च्या आसपास तिकडच्या फुटबॉल फेडरेशनने महिला टीमचा खर्च थांबवला. पैसे नाहीत, आणि जे आहेत ते पुरुषांच्या टीमला लागतात. टीम खेळायचीच बंद झाली. आता फिफाचं, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेचं, असं आहे की ठराविक काळ एकही मॅच खेळली नाही की रँकिंगमधून नाव काढतात, तसं जमैकाचं नाव निघालं. हे चक्र कसं फिरतं बघा: रँकिंग नाही म्हणून स्पॉन्सर नाही, स्पॉन्सर नाही म्हणून मॅच नाही, मॅच नाही म्हणून रँकिंग नाही. आणि मग कोणीतरी म्हणतं की बघा, मुलींच्या फुटबॉलला कुठे दर्जा आहे, कशाला खर्च करायचा. आमच्याकडे तालुका पातळीवर पण हेच चालतं, स्पर्धाच भरवायची नाही आणि मग एंट्री येत नाहीत म्हणायचं.

२०१४ ला एक साधी गोष्ट घडली. बॉब मार्लीची मुलगी सेडेला मार्ली, तिचा मुलगा शाळेतून एक कागद घेऊन आला, मुलींच्या राष्ट्रीय टीमसाठी मदत करा असं आवाहन त्याच्यावर. शाळेतून घरी येणारे कागद कसे असतात आपल्याला माहितीये, सहलीचे पैसे, गॅदरिंगचे पैसे, आणि त्यातलाच हा एक, फक्त हा देशाच्या टीमसाठी होता. सेडेलाने फेडरेशनकडे चौकशी केली की हे काय आहे, तेव्हा तिला कळलं की देशाची टीम अशी बंद पडलीये. तिथून ती या कामात पडली ती पडलीच. भावांना घेऊन एक गाणं केलं, इंटरनेटवर वर्गणी मागितली, वडिलांच्या नावाच्या फाउंडेशनला सोबत घेतलं, स्पॉन्सर गाठले. टीम परत उभी राहिली.

पण २०१५ च्या वर्ल्ड कपला पात्र झाली नाही. पुढे रिओ ऑलिम्पिकसाठी पण नाही झाली आणि २०१६ ला टीम परत बंद. म्हणजे एवढी मेहनत करून दोन वर्षांत निकाल आला नाही म्हणून दुसऱ्यांदा कुलूप. मला या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हा वाटतो आणि गोष्ट सांगणारे नेमका हाच गाळतात. शेतात पेरल्यावर पंधरा दिवसांत कणीस दिसलं नाही म्हणून रान मोकळं करणारा शेतकरी कोणी बघितलाय का?

तरी सेडेला परत आली, आणि कोच म्हणून ह्यू मेन्झीस. मेन्झीस फ्लोरिडात राहणारे, फायनान्समधलं करिअर करून मुलामुलींच्या क्लबमध्ये कोचिंग करणारे, त्यांनी हे काम बराच काळ पगार न घेता केलं. त्यांनी अजून एक गोष्ट केली जी लहान देशाला करावीच लागते, ती म्हणजे बाहेर वसलेल्या जमैकन घरांतल्या मुली शोधल्या. अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, जिथे जिथे आईवडील किंवा आजीआजोबा जमैकाचे आहेत तिथल्या मुलींना विचारलं, येता का खेळायला. आपल्या देशाच्या टीममध्ये खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो, त्यामुळे परदेशात वाढलेल्या आपल्या पोरी असल्या तरी त्यांना असं बोलावता येत नाही, जमैकाला येतं. बेटावर वाढलेल्या मुली आणि बाहेरच्या कॉलेजांत, क्लबांत तयार झालेल्या मुली अशी मिसळ तयार झाली.

बेटावरची सगळ्यात मोठी खेळाडू म्हणजे खदिजा शॉ, सगळे तिला बनी म्हणतात. स्पॅनिश टाउनची, जन्म १९९७ चा, तिकडच्या टोळीयुद्धांत तिने तीन भाऊ गमावले. ती शिकायला अमेरिकेत टेनेसी विद्यापीठात गेली, मग फ्रान्समध्ये बोर्डो क्लबला, मग २०२१ ला इंग्लंडच्या मँचेस्टर सिटी क्लबला. २०२३-२४ ला इंग्लंडच्या लीगमध्ये २१ गोल करून सगळ्यात पुढे. जमैकासाठी पुरुष-बाई कोणीही तिच्याएवढे गोल केलेले नाहीत.

आता ऑक्टोबर २०१८. अमेरिकेत पात्रता स्पर्धा, कॅनडाकडून ०-२ हरल्या, कोस्टा रिकाला १-० हरवलं, क्यूबाला ९-०, सेमीफायनलला अमेरिकेने ६-० धुतलं. राहिली तिसऱ्या जागेची मॅच, १७ ऑक्टोबर, टेक्सासमधलं फ्रिस्को, समोर पनामा, जिंकेल तो थेट वर्ल्ड कपला. पनामाच्या मुलींची अवस्था पण काही वेगळी नव्हती, त्यांची टीम पण अशीच उपेक्षेतून वर आलेली, त्यामुळे ही मॅच बघताना कोणाच्या बाजूने बोलावं कळत नाही. शॉने पहिला गोल केला, पनामाने फेडला. एक्स्ट्रा टाइममध्ये १६ वर्षांच्या जोडी ब्राऊनने गोल केला, तो पण पनामाने फेडला, संपायला पाच मिनिटं असताना. २-२.

आणि इथे मेन्झीसनी गोलकीपर बदलला. पूर्ण मॅच सिडनी श्नायडर खेळली होती, पेनल्टीसाठी म्हणून निकोल मक्लूर आत. हा निर्णय किती अवघड असतो ते ज्याने टीम सांभाळलीये त्यालाच कळेल, कारण फसला तर आयुष्यभर लोक तेच काढणार, आणि जी दोन तास उभी आहे तिला बाहेर ये म्हणायचं. मक्लूरने दोन पेनल्टी अडवल्या. डॉमिनिक बाँड-फ्लासाने शेवटची मारली, ४-२. कॅरिबियन बेटांवरून महिला वर्ल्ड कपला पोचलेला पहिला देश.

२०१९ चा फ्रान्समधला वर्ल्ड कप मी पटकन सांगते कारण मैदानावर सांगण्यासारखं फार नाही. ब्राझील ०-३, इटली ०-५, ऑस्ट्रेलिया १-४, त्यात सॅम कर एकटीचे चार. जमैकाचा तो एक गोल हवाना सोलॉनचा, वर्ल्ड कपमधला त्यांचा पहिला. टीम तरुण होती आणि हातापायात अनुभव नव्हता. पण बाहेर जे झालं ते बघा. वर्ल्ड कपच्या आधी मुलींशी पगाराचे करार झाले, सगळ्यांनी कौतुक केलं, साडेसात लाख डॉलर तर नुसतं ग्रुपमध्ये खेळल्याबद्दल प्रत्येक फेडरेशनला फिफाकडून मिळणार होते, आणि तरी स्पर्धा संपल्यावर मुलींचे पैसे थकले. सप्टेंबर २०१९ मध्ये शॉ आणि बाकीच्यांनी जाहीर सांगितलं, पैसे नाहीत तर खेळणार नाही. डिसेंबरमध्ये मेन्झीस पण गेले.

मग कोच बदलत राहिले. २०२२ ला पात्रता स्पर्धा महिन्यावर आलेली असताना लॉर्न डोनाल्डसन आले. हे मूळचे जमैकाचे पण कितीतरी वर्षं अमेरिकेत कोलोराडोला मुलींना शिकवणारे, अमेरिकेच्या टीममधल्या मॅलरी स्वॉन्सन, सोफिया स्मिथ या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. त्यांनी काय केलं तर आधी बचाव पक्का केला, घराची दारं-खिडक्या लावून घेतल्या, मग पुढचं बघू. मेक्सिकोला त्यांच्याच घरी माँतेरेला १-० हरवलं, गोल शॉचा, हैतीला ४-०, आणि दुसऱ्यांदा वर्ल्ड कपचं तिकीट.

आता मुख्य मुद्दा, १५ जून २०२३. वर्ल्ड कपला पाच आठवडे राहिलेत आणि जमैकाच्या मुलींनी सगळ्यांनी मिळून एक जाहीर पत्र टाकलं. त्यात काय होतं? कॅम्पचं नियोजन नीट नाही, प्रवासाची, राहण्याची सोय नीट नाही, सरावाच्या जागा, खाणं, सगळ्याच्याच तक्रारी, कॅम्पच्या गोंधळामुळे सरावाच्या मॅच रद्द झाल्या, ठरलेले पैसे मिळालेले नाहीत, आणि हे सगळं आम्ही फेडरेशनला समोर बसून अनेकदा सांगितलंय. पत्राची भाषा बघितली तर कुठेही आरडाओरडा नाही. फेडरेशनने मान्य केलं की सगळं नीट झालेलं नाही, आम्ही सोडवतोय. त्याच सुमारास एका खेळाडूच्या आईने इंटरनेटवर वर्गणी सुरू केली, लाखभर डॉलरचं लक्ष्य ठेवून, मुलींच्या वर्ल्ड कपच्या खर्चासाठी. वर्ल्ड कप खेळणारी टीम, आणि एक आई वर्गणी काढतेय. मी हे माझ्या टीममधल्या पालकांना वाचून दाखवलं तेव्हा एक ताई म्हणाल्या, म्हणजे तिकडे पण आपणच. मला पुढे वाचवेना.

जमैकाचं रँकिंग तेव्हा ४३. ग्रुपमध्ये फ्रान्स ५ वर, ब्राझील ८ वर, आणि परत पनामा.

पहिली मॅच सिडनीला, रविवार २३ जुलै, फ्रान्स. ०-०. जमैकाचा वर्ल्ड कपमधला पहिला पॉइंट. बचावात मधोमध दोघी सख्ख्या बहिणी, ॲलिसन आणि शँटेल स्वॅबी, मागे इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबची गोलकीपर रेबेका स्पेन्सर, पुढे मध्यभागी ड्रू स्पेन्स, जी आधी इंग्लंडकडून खेळलेली आहे. चार वर्षांपूर्वी ज्या टीमने १२ खाल्ले तिच्यात आता रोज मोठ्या लीगमध्ये खेळणाऱ्या इतक्या जणी होत्या. हा १२ वरून १ चा निम्मा हिशोब इथेच लागतो, बाकी निम्मा डोनाल्डसनच्या शिस्तीत. शेवटी शेवटी शॉला दुसरं यलो कार्ड, म्हणजे रेड, म्हणजे पुढच्या मॅचला ती नाही. आता गोल करणार कोण? पनामाविरुद्ध पर्थला कॉर्नरवरून ॲलिसन स्वॅबीने डोक्याने मारला, १-०, जमैकाचा वर्ल्ड कपमधला पहिला विजय. बचावपटूने केलेला तो गोल म्हणजेच त्यांचा त्या वर्ल्ड कपमधला एकुलता एक गोल.

आणि मग २ ऑगस्ट, मेलबर्न, ब्राझील. आपल्याकडे बुधवार, दुपारचे साडेतीन. माझा तास नव्हता, स्टाफरूममध्ये पाण्याच्या बाटलीला मोबाईल टेकवून लावला, शेजारी मराठीच्या मॅडम वह्या तपासत होत्या, त्यांना फुटबॉलमधलं काही कळत नाही. जमैकाला बरोबरी पुरणार, ब्राझीलला जिंकायलाच पाहिजे. ब्राझीलकडे मार्ता, सहावा वर्ल्ड कप, वर्ल्ड कपमध्ये १७ गोल, तेवढे दुसऱ्या कोणाचेच नाहीत, आणि हा तिचा शेवटचा वर्ल्ड कप हे तिने आधीच सांगितलेलं. बॉल जवळपास पूर्ण वेळ ब्राझीलकडे. पण नीट बघितलं तर बॉल फिरायचा तो बाजूला बाजूलाच, मधे शिरायला वाटच मिळत नव्हती, कारण जमैकाच्या चौघी आणि त्यांच्या पुढच्या चौघी यांच्यातलं अंतर बदलतच नव्हतं. बॉल डावीकडे गेला की आख्खी ओळ चार पावलं डावीकडे, उजवीकडे गेला की चार पावलं उजवीकडे, नव्वद मिनिटं. मी माझ्या पोरींना हेच दोरी धरून शिकवते, खरोखरची दोरी, चौघींच्या कमरेला, एकीने ओढलं की बाकीच्यांना ताण बसला पाहिजे. त्या दिवशी मला ती दोरी दिसत होती.

सत्तर मिनिटं झाल्यावर मॅडमनी वह्या बाजूला ठेवल्या. ऐंशीच्या पुढे मार्ता बाहेर आली, बाकावर बसली. स्टॉपेज टाइममध्ये मॅडम मला विचारतायत, अजून किती, अजून किती, जसं काही मीच शिट्टी वाजवणार आहे. स्पेन्सरने बॉल छातीशी धरला की आम्ही दोघी श्वास सोडायचो. शिट्टी झाली, ०-०, जमैकाच्या मुली तिथेच मैदानात कोसळल्या, रडतायत, नाचतायत, आणि ब्राझील १९९५ नंतर पहिल्यांदा ग्रुपमध्येच बाहेर. तीन मॅच, एकही गोल खाल्लेला नाही. कॅरिबियनच्या देशाने इतिहास घडवला, असं मोठमोठं बोलायला त्या दिवशी सगळ्यांना सुचत होतं, मला मात्र ती वर्गणी काढणारी आई आठवत होती.

८ ऑगस्टला कोलंबियाने ५१ व्या मिनिटाला गोल केला, कातालीना उस्मे, तो एकच गोल जमैकाने आख्ख्या स्पर्धेत खाल्ला आणि तिथेच संपलं.

इथे गोष्ट सांगणारे थांबतात. पण प्रकरण म्हणून बघायचं तर पुढचे तीन महिने बघायला लागतात. २०२३ ला फिफाने पहिल्यांदा प्रत्येक खेळाडूच्या वाट्याचा आकडा जाहीर केला होता, शेवटच्या १६ पर्यंत पोचलेलीला ६०,००० डॉलर. म्हणजे आता निदान आकडा सगळ्यांना माहिती होता, आधी तो पण नव्हता. सप्टेंबरमध्ये ऑलिम्पिकच्या जागेसाठी कॅनडाशी दोन मॅच, दोन्ही हरल्या, ०-२ आणि १-२. डोनाल्डसन यांचा करार पुढे चालू ठेवला गेला नाही. ज्या माणसाने १२ चा आकडा १ वर आणला तो माणूस वर्ल्ड कपनंतर काही आठवड्यांत टीमसोबत नाही. आणि ऑक्टोबरमध्ये मुलींनी परत जाहीर केलं, आम्ही या महिन्याच्या मॅच खेळणार नाही. तक्रार तीच, वागणूक नीट नाही, कोणी नीट बोलत नाही, ठरलेले पैसे पूर्ण मिळाले नाहीत. तारखा एका ओळीत मांडल्या, २०१९ सप्टेंबर, २०२३ जून, २०२३ ऑक्टोबर, तर तीच ओळ तीनदा लिहिल्यासारखी दिसते.

काही लोकांनी तेव्हा मुलींनाच बोल लावला, देशासाठी खेळायचं सोडून पैसे काय मागता. मला हे अजिबात पटत नाही. कोणी फुकट कोचिंग केलं, कोणी गाणं केलं, कोणी आई असून वर्गणी काढली, मुलींनी मिळेल त्या सोयीत वर्ल्ड कप खेळला, यातल्या कोणीच आपलं काम अर्धवट सोडलं नाही. ज्याच्या हातात तिजोरीची किल्ली होती त्याचंच काम दरवेळी राहिलं. आणि बाहेरच्यांनी भार उचलला की आतल्यांना वाटायला लागतं, हे असंच चालतं, अशी सवय लागते. सेडेला मार्लीचे उपकार कोणी नाकारणार नाही, मी तर नाहीच नाही, पण तिच्या मुलाने तो कागद दप्तरातच ठेवला असता तर? देशाची टीम एका पोराच्या दप्तरावर अवलंबून असू नये.

ऑक्टोबरच्या त्या मॅच म्हणजे गोल्ड कपची, अमेरिका खंडातल्या देशांच्या स्पर्धेची, पात्रता. त्यांना वर्ल्ड कपच्या मुख्य मुली नव्हत्या, दुसऱ्या पोरींना पुढे करून टीम उतरवली, त्या पोरींचा काही दोष नाही, त्यांना बोलावलं आणि त्या गेल्या. ग्रुपमध्ये पनामा आणि ग्वाटेमाला. जमैका तिसरं. वर्ल्ड कपमध्ये ब्राझील आणि फ्रान्सला एकही गोल करू न दिलेला देश २०२४ च्या गोल्ड कपला पात्रच झाला नाही.

तो गोल्ड कप फेब्रुवारीत अमेरिकेत सुरू झाला. त्याच्या एका ग्रुपमध्ये सान दिएगोला चार टीम खेळत होत्या: ब्राझील, जिला त्यांनी मेलबर्नला रोखलं होतं, कोलंबिया, जिच्याकडून त्या एका गोलने हरल्या होत्या, पोर्तो रिको, आणि पनामा, जिला त्यांनी फ्रिस्कोला पेनल्टीवर आणि पर्थला हेडरवर हरवलं होतं.